बालकाचें पहिलें गुणपत्रक

गेल्या वर्षीच्या आश्विनांत आमच्या घरीं नात जन्मास आली. प्रसूतिगृहांतून बाळ-बाळंतीण घरीं परतलीं, दारांत भाकरतुकडा ओवाळून झाला, आणि आल्यागेल्याचीं तोंडें गोड झालीं. त्या गडबडींत बाळाबरोबर आलेल्या कागदपत्रांची पिशवी माझ्या हातीं पडली. छत्तीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविलेल्या मनुष्याच्या हातीं कागद आला म्हणजे त्याची नजर आधीं आंकड्यांवर जाते. एका कागदावर ‘अपगार : ८, ९’ असें लिहिलें होतें. माझी पत्नी शेजारींच उभी होती. ती म्हणाली, “अहो, दहापैकीं आठ म्हणजे आपल्या बाळाचे दोन गुण गेले कुठें?” सूनबाई हंसली. मला मात्र हंसूं आलें नाहीं. मनुष्याची परीक्षा जन्मल्यापासून पहिल्या मिनिटांतच सुरू होते, हें मला त्या दिवशीं नव्यानेंच कळलें. आणि जी परीक्षा आपल्याला समजत नाहीं तिचे गुण पाहून आनंद मानणें किंवा खंत करणें हें मास्तराला शोभत नाहीं, असें वाटून मीं ह्या विषयाचा छडा लावावयाचें ठरविलें. पुढें जें घडलें त्यामुळें हा अभ्यास केवळ कुतूहलापुरता राहिला नाहीं. तें यथाक्रम सांगतों.

डॉ. व्हर्जिनिया अपगार ह्या न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत भूलशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्या विद्यापीठाच्या वैद्यकशाखेंत पूर्ण प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हा मान त्यांस १९४९ सालीं मिळाला. त्या काळीं प्रसूतीच्या खोलींत सर्वांचें लक्ष मातेकडे असे, आणि नुकत्याच जन्मलेल्या जीवाची स्थिति पाहण्याची कांहीं ठराविक रीत नव्हती. एके सकाळीं न्याहारीच्या वेळीं एका विद्यार्थ्यानें नवजात बालकाची स्थिति अजमावावी कशी, असें बाईंना विचारलें. तेव्हां त्यांनीं हातास लागलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर पांच गोष्टी लिहून दिल्या, अशी हकीकत सांगतात. १९५२ सालीं त्यांनीं ही पद्धति मांडली, १९५३ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली, आणि पुढें ती साऱ्या जगांत रूढ झाली.

त्या पांच गोष्टी अशा : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंतील ताठपणा, डिवचलें असतां होणारा प्रतिसाद, आणि अंगाचा रंग. प्रत्येकीस शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके मुळींच नसल्यास शून्य, मिनिटास शंभरांच्या आंत असल्यास एक, शंभरांहून अधिक असल्यास दोन. मूल जोरानें रडत असेल तर श्वासाचे दोन. हातपाय दुमडून हालवीत असेल तर स्नायूंचे दोन. ही मोजणी जन्मानंतर एका मिनिटानें व पुन्हां पांच मिनिटांनीं करतात. सात किंवा त्याहून अधिक गुण समाधानकारक. पांचव्या मिनिटास ते सातांहून कमी असले तर दर पांच मिनिटांनीं मोजणी पुढें चालू ठेवतात. आमच्या बाळाच्या हरवलेल्या गुणांचा शोधही येथेंच लागला. अंग गुलाबी व हातपाय निळसर ही बहुतेक नवजात बालकांची पहिल्या मिनिटांतील स्थिति असते, म्हणून रंगाचा एक गुण बहुतेकांचा जातोच. दुसरा गुण, डॉक्टरीण बाईंनीं सांगितलें, प्रतिसादाचा होता. पोरीनें आधीं नुसतें तोंड वेडेंवांकडें केलें, रडली ती मागाहून.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक अशी कीं, हे गुण हाताशीं येईपर्यंत डॉक्टर स्वस्थ बसत नाहींत. शेंकडा सुमारें दहा मुलांस पहिला श्वास घेण्यास कांहींना कांहीं साह्य लागतें, आणि तें पहिल्या मिनिटांतच द्यावयाचें असतें. गुण ही मागाहूनची नोंद. दुसरी अशी कीं, हे गुण त्या क्षणाचे आहेत. मूल पुढें हुशार निघेल कीं मंद, हें सांगण्यासाठीं ही पद्धति निर्माण झालेली नाहीं. आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं नातवाचे दहापैकीं नऊ गुण चारचौघांत सांगून पेढे वांटल्याचें मला ठाऊक आहे. पेढे गोड होते. अनुमान मात्र खोटें होतें.

ज्यांच्या घरांत संस्कृत ग्रंथांची पोथी पूजेंत आहे त्यांस हा विचार अगदींच परका वाटूं नये. चरकाच्या शारीरस्थानांत, मूल जन्मतांच निश्चेष्ट असल्यास त्याच्या कानाच्या मुळाशीं दगडावर दगड आपटावा, तोंडावर थंड किंवा ऊन पाणी शिंपडावें, आणि श्वास येईपर्यंत सुपानें वारा घालावा, असा विधि सांगितला आहे. ध्वनि, स्पर्श व वारा ह्यांनीं बालकास जागें करावें व तें जागें होतें कीं नाहीं हें पाहावें, हाच त्यांतील हेतु. काश्यपसंहितेंत तर वेदनाध्याय नांवाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. बोलतां न येणाऱ्या बालकास काय दुखतें हें त्याच्या चेष्टांवरून कसें ओळखावें, हा त्याचा विषय. बालक हातांनीं कान चोळूं लागलें व डोकें हालवूं लागलें तर कान दुखतो. डोकें इकडून तिकडे लोळवून डोळे मिटूं लागलें तर डोकें दुखतें. अशीं लक्षणें तेथें दिलीं आहेत. हा ग्रंथ नेपाळांतील हस्तलिखितावरून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं छापिला. दगड आपटून श्वास आणण्याचा काळ गेला, तो गेला हें बरेंच झालें. परंतु जें बोलत नाहीं त्याचें बोलणें डोळ्यांनीं ऐकावें, हा त्या अध्यायाचा धडा जुना झालेला नाहीं.

आतां घरांतील माणसांनीं काय पाहावें तें पाहूं. प्रसूतिगृहांतून मूल दोन-तीन दिवसांत घरीं येतें, आणि जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस हे सर्वांत धोक्याचे असतात. म्हणजे धोक्याच्या काळाचा मोठा भाग मूल आपल्याच डोळ्यांसमोर असतें.

प्रथम वजन. अडीच किलोग्रॅमच्या आंतील बालक कमी वजनाचें समजतात. पहिल्या कांहीं दिवसांत निरोगी मुलाचेंही वजन घटतें. ही घट जन्मवजनाच्या एक-दशांशापर्यंत असूं शकते. ती दहा ते चौदा दिवसांत भरून यावी. “बाळ वाळलें” म्हणून तिसऱ्याच दिवशीं वरच्या दुधाची बाटली तोंडास लावण्याचा जो मोह घरोघर होतो, त्याचें मूळ ह्या अज्ञानांत आहे. दूध पुरतें कीं नाहीं ह्याची खूण दुपट्यांत पाहावी. पहिला आठवडा संपतां संपतां दिवसांतून सहा वेळां किंवा अधिक लघवी होत असेल, आणि वजन चढूं लागलें असेल, तर दूध पुरतें.

दुसरी गोष्ट ऊब. हाताच्या मागील बाजूनें बाळाचें पोट व तळपाय चाचपावे. दोन्हीं उबदार असलीं तर ठीक; पोट उबदार पण तळपाय गार असतील तर बाळास थंडी बाधूं लागली आहे; दोन्हीं गार असतील तर तो धोका समजावा. लहान वजनाच्या मुलास आईच्या उघड्या छातीशीं धरून ऊब देण्याची रीत कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं १९७८ सालीं सुरू झाली आणि आतां ती सर्वत्र मान्य आहे. त्यासाठीं यंत्र लागत नाहीं; आई नसेल तेव्हां बापाची किंवा आजीची छातीही चालते. जन्मतांच आंघोळ घालण्याची घाई करूं नये. निदान एक दिवस थांबावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे.

तिसरी गोष्ट श्वास. बाळ शांत निजलेलें असतांना घड्याळ समोर ठेवून पुरें एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करूं नये, कारण नवजात बालकाचा श्वास एकसारखा नसतो. तो मध्येंच कांहीं क्षण थबकतो व पुन्हां चालूं लागतो. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे श्वास मिनिटास साठ किंवा अधिक भरले, आणि पुन्हां मोजूनही तितकेच आले, तर डॉक्टरकडे जावें. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत हीच मर्यादा पन्नास आहे. श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जाणें हें त्याहूनही वाईट लक्षण.

चौथी गोष्ट कावीळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तोंडावर थोडा पिवळेपणा येणें हें पुष्कळ मुलांत होतें व तें आपोआप जातें. परंतु पहिल्याच दिवशीं आलेला पिवळेपणा, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, किंवा दोन आठवड्यांनंतरही राहिलेला पिवळेपणा, हे तिन्हीं प्रकार डॉक्टरांस दाखविलेच पाहिजेत. त्यांतून बाळाचा मळ पांढुरका व लघवी गडद पिवळी असेल तर एक दिवसही दवडूं नये. पित्ताचा मार्ग बंद असण्याचा संभव असतो, आणि त्यावरील शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांच्या आंत झाली तरच चांगला गुण येतो. सकाळचें ऊन दाखवून कावीळ जाईल ह्या भरंवशावर राहूं नये.

ह्या चारांखेरीज बाळ दूध ओढीनासें झालें, रडणें क्षीण झालें किंवा थांबलें, हातपाय लुळे पडले, पोट फुगलें, बेंबींतून पू आला, किंवा झटके आले, तर उद्यांची वाट पाहूं नये. “अगदीं शांत बाळ आहे हो, रडतच नाहीं,” हें कौतुक कित्येक घरांत झालें आहे, आणि त्यांतील कांहीं घरांना तें फार महाग पडलें आहे.

हें सारें आम्हां शिकलेल्या माणसांस अवघड वाटत असेल तर गडचिरोली जिल्ह्याकडे दृष्टि टाकावी. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्या दांपत्यानें १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ ही संस्था काढली. खेड्यांतील थोडें शिकलेल्या स्त्रियांना त्यांनीं बाळाचें वजन करणें, ताप पाहणें, श्वास मोजणें व वर सांगितलेलीं लक्षणें ओळखणें शिकविलें. श्वासांची मोजणी चुकूं नये म्हणून मण्यांचें एक साधें उपकरण तयार केलें. ह्या स्त्रिया बाळंतिणीच्या घरीं जाऊन तपासणी व उपचार करूं लागल्या. ३९ गांवांत हा प्रयोग झाला व ४७ गांवें तुलनेसाठीं घेतलीं होतीं. तिसऱ्या वर्षीं प्रयोगाच्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु तुलनेच्या गांवांहून सुमारें ६२ टक्क्यांनीं कमी भरले. ही हकीकत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या इंग्रजी वैद्यकपत्रांत प्रसिद्ध झाली. २०११ पासून भारत सरकारनें आशाताईंच्या द्वारें अशाच गृहभेटींची योजना देशभर चालविली. प्रसूति रुग्णालयांत झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं भेट द्यावयाची असा तिचा नियम. गडचिरोलीच्या रानांतील बाई जें करूं शकली तें आपल्या दिवाणखान्यांत होऊं नये, असें कारण मला दिसत नाहीं.

महिना उलटला कीं घरांतील चर्चा बदलते. “शेजारचा बंड्या ह्या वयांत पालथा पडत होता,” “आमचा बाबू नवव्या महिन्यांत चालला,” असें तुलनेचें दप्तर उघडतें. मोठ्या कुटुंबांत हें दप्तरही मोठें. ह्या बाबतींत प्रमाण कोणतें मानावें? जागतिक आरोग्य संघटनेनें १९९७ ते २००३ ह्या काळांत ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांत सुमारें साडेआठ हजार मुलें पाहिलीं. भारतांतील मुलें दक्षिण दिल्लीचीं होतीं. चांगलें पोषण व आईचें दूध मिळालेलीं पांच वर्षांखालील मुलें कोणत्याही देशाचीं असोत, तीं सारखींच वाढतात, असें त्यांत दिसून आलें. त्यावरून २००६ सालीं वाढीचे तक्ते तयार झाले. “आमच्या घराण्यांत मुलें किरकोळच असतात,” ह्या वाक्याचा आधार त्या दिवसापासून बराच डळमळला आहे. ढोबळ मानानें, वजन पांचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट व वर्षाचें होतांना तिप्पट व्हावें. उंची जन्मतः पन्नास सेंटिमीटरच्या आसपास असते ती वर्षांत पंचाहत्तरच्या आसपास जावी. आणि डोक्याचा घेर चौतीस-पस्तिसांवरून शेचाळिसांच्या घरांत यावा. एका दिवसाच्या आंकड्यास फारसें महत्त्व नाहीं. तक्त्यावरील रेघ महिन्यागणिक वर चढते, आडवी होते, कीं खालीं वळते, हें पाहावयाचें. शाळेंतही एका चांचणीवरून मुलाची पारख कोणी करूं नये. तोच हा न्याय.

ह्याच अभ्यासांत हालचालींचीं वयेंही नोंदलीं गेलीं. निरोगी मूल आधाराशिवाय बसूं लागतें तें ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान. आणि एकटें चालूं लागतें तें ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. केवढें हें अंतर! नवव्या महिन्यांत चालणारा बाबू व सोळाव्या महिन्यांत चालणारी बबी हीं दोघेंही निरोगीच. इतकेंच नव्हे, तर शेंकडा सुमारें चार मुलें हातांगुडघ्यांवर कधींच रांगलीं नाहींत, आणि तरीही तीं यथाकाल चालूं लागलीं. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचें वय मोजतांना तें जितके आठवडे आधीं जन्मलें तितके वजा करावे, म्हणजे उगाच काळजी होत नाहीं.

आपल्या लोकांनींही ह्या शास्त्रांत भर घातली आहे. बडोद्यास डॉ. प्रमिला फाटक ह्यांनीं भारतीय बालकांच्या विकासाचें मापन तयार केलें. त्यांत शारीरिक हालचालींच्या ६७ व बुद्धिविकासाच्या १६३ कसोट्या आहेत, आणि त्याची सुधारलेली आवृत्ति १९९७ सालीं निघाली. बडोद्याच्या ह्या प्रमाणांवरून पुढें तिरुवनंतपुरम् येथें १७ कसोट्यांचा एक सुटसुटीत तक्ता निघाला. तक्त्यावर बाळाच्या वयाच्या जागीं एक पेन्सिल उभी धरावयाची; पेन्सिलीच्या डावीकडे राहिलेली एखादी गोष्ट बाळास येत नसेल तर त्याची अधिक तपासणी करावयाची. घरच्या माणसांनीं इतकें लक्षांत ठेविलें तरी पुरे : तीन महिन्यांपर्यंत बाळ माणसाकडे पाहून हंसत नसेल, पांच महिन्यांपर्यंत मान धरीत नसेल, दहा महिन्यांपर्यंत बसत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल, वर्षाच्या आंतच एकच हात वापरून दुसरा टाळीत असेल, किंवा एकदां आलेली गोष्ट पुढें विसरत असेल, तर “होईल हळूहळू” म्हणूं नये.

आतां जें सांगावयाचें तें मला सोपें नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा शेवटच्या बांकावर बसत असे. वय अकरा, स्वभाव गरीब, आणि श्रुतलेखनांत नेहमीं नापास. ‘सकाळ’ सांगावें तर हा ‘अकाळ’ लिही. ‘शेत’ सांगावें तर ‘एत’. वाचून दाखविण्यास सांगितलें तर मात्र नीट वाची. मीं ह्याला आळस समजलों. संस्कृताचा अभिमानी मास्तर, उच्चाराचा आग्रही. मीं त्याच्या हातावर पट्टी मारली, आणि तें एकदांच नव्हे. पुढें शाळेंत कान तपासणारे डॉक्टर आले. त्यांनीं मला बाजूस बोलावून सांगितलें, “गुरुजी, ह्या मुलाला खालचे सूर ऐकूं येतात, वरचे येत नाहींत. ‘स’ आणि ‘श’ ह्यांचा आवाज त्याच्या कानांपर्यंत पोंचतच नाहीं.” त्याची आई आली होती. ती म्हणाली, “पण मास्तर, लहानपणीं थाळी पडली कीं हा दचकायचा. आम्हांला वाटलें, ऐकूं येतें.” त्या माउलीचा यत्किंचितही दोष नव्हता. थाळीचा दणका अर्धवट ऐकणाऱ्यासही ऐकूं येतो, आणि हाच ह्या घरगुती परीक्षेचा दगा आहे. दोष माझा होता. मीं छडीनें जें तपासत होतों तें कानानें तपासावयाचें होतें. त्या मुलाची मीं क्षमा मागितली. त्याचे गेलेले दहा वर्षांचे शब्द मात्र मला परत करतां आले नाहींत.

म्हणूनच आमच्या नातीच्या कागदांत आणखी एक कागद सांपडला तेव्हां माझे हात थंड पडले. दुसऱ्या दिवशीं तिचे कान तपासले होते, आणि दोन्हीं कानांपुढें ‘पुन्हां तपासावें’ असा शेरा होता. हजारीं एक ते तीन मुलें जन्मतः कमी ऐकूं येणारीं असतात. निरोगी अंतःकर्ण ध्वनि ऐकल्यावर स्वतःही एक अतिसूक्ष्म ध्वनि परत पाठवितो, हा शोध डेव्हिड केम्प ह्यांनीं १९७८ सालीं लंडनमध्यें लाविला. बाळ निजलेलें असतांना कानांत लहानशी बोंडी ठेवून तोच परतीचा ध्वनि यंत्रानें ऐकतात. बाळाला कांहीं सांगावें लागत नाहीं, दुखत नाहीं. पहिल्या वेळीं कानांत राहिलेल्या ओलाव्यामुळेंही पुष्कळ मुलें अनुत्तीर्ण होतात, हें खरें. पण म्हणून पुन्हां तपासणें टाळावयाचें नसतें.

आमच्या घरांत तें टाळण्याचा विचार झाला. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, वयानें व मानानें घरांत सर्वांत मोठ्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, पोरीची जात आहे. एकदां नांवापुढें कांहीं लागलें कीं जन्मभर पुसत नाहीं. चांगली दचकते कीं दार आपटलें म्हणजे! कशाला तो बोभाटा?” मुलगा गप्प बसला, सूनबाईनें खालीं पाहिलें. वहिनींच्या शब्दाबाहेर मी चाळीस वर्षांत गेलों नव्हतों. त्या दिवशीं मीं त्यांस शेवटच्या बांकावरच्या मुलाची गोष्ट सांगितली. ती तोंवर मीं घरांत कोणासही सांगितलेली नव्हती. वहिनी पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “उद्यां मीही येतें तुमच्याबरोबर.”

महिन्यानें झालेल्या दुसऱ्या तपासणींतही तोच निकाल आला. मग तिसऱ्या महिन्यांत कानापासून मेंदूपर्यंत ध्वनि कसा पोंचतो ह्याची तपासणी झाली. दोन्हीं कानांत मध्यम प्रमाणाची उणीव निघाली. पहिल्या महिन्यांत चांचणी, तिसऱ्याच्या आंत निदान, सहाव्याच्या आंत उपाय, असा ह्या शास्त्राचा नियम आहे. कारण भाषेची घडण त्याच काळांत सुरू होते. कमी ऐकणारें मूलही आरंभीं हुंकार देतें, म्हणून आईबाप निश्चिंत राहतात. पुढें ‘बाबा’, ‘दादा’ अशी अक्षरांची माळ गुंफण्याची वेळ येते तेव्हां तें मागें पडतें. आमच्या नातीस पांचव्या महिन्यांत दोन इवलीं श्रवणयंत्रें बसविलीं. ज्या दिवशीं तीं प्रथम चालू केलीं त्या दिवशीं ती वहिनींच्या मांडीवर होती. वहिनींनीं नेहमींच्या सुरांत तिला हांक मारली. पोरीनें दूध पिणें थांबवून वर पाहिलें. आम्हांपैकीं कोणीच कांहीं बोललें नाहीं.

दहापैकीं आठ, आणि पुढें नऊ गुण मिळविणारी ही मुलगी. ते गुण खोटे नव्हते. तिचा उणा विषय त्या परीक्षेंत नव्हताच. म्हणून एका कागदावर संतोष मानूं नये, हें मला सांगावयाचें आहे. कान, डोळे, वजन, हालचाल, बोल, ह्या प्रत्येकाची परीक्षा आपापल्या वेळीं व्हावी लागते.

रूढींविषयीं दोन शब्द. आपल्या संस्कारांची योजना पाहिली तर बारसें बाराव्या दिवशीं, निष्क्रमण चौथ्या महिन्यांत, अन्नप्राशन सहाव्या महिन्यांत, असे टप्पे दिसतात. अन्नप्राशनाचा सहावा महिना आजच्या शास्त्रासही मान्य आहे. तोंवर आईच्या दुधावांचून पाणीही नको, असें तें सांगतें. परंतु जातकर्मांत बालकास मध चाटविण्याची जी रीत, ती आतां सोडावी. मधांत क्वचित् एका विषारी जंतूचीं बीजें असतात; वर्षाच्या आंतील बालकाच्या आंतड्यांत तीं रुजून हातपाय लुळे पडतात व श्वासही बंद पडूं शकतो. हा रोग १९७६ सालीं ओळखला गेला. आमच्या उपाध्यायांस हें सांगितलें तेव्हां त्यांनीं मंत्र म्हटले, सोन्याचा वळसा नुसता बाळाच्या हातास लाविला, आणि म्हणाले, “बालकाच्या आयुष्यासाठींच हा संस्कार, तें धोक्यांत घालून तो कशाला?” डोळ्यांत काजळ, नाकाकानांत तेल, बेंबीवर राख, हींही ह्याच न्यायानें सोडावीं. हलक्या हाताचें तेल लावणें, बाळंतिणीच्या खोलींत गर्दी न करणें, अंगाईगीत गाणें, ह्या गोष्टी मात्र खुशाल चालू ठेवाव्या.

मोठ्या कुटुंबांत बाळाकडे पाहणारे डोळे पुष्कळ असतात, हें आपलें भाग्य. ते डोळे तुलना करण्यांत किंवा उणें झांकण्यांत खर्च होऊं नयेत. घरांतील एका माणसानें, आणि तें काम माझ्यासारख्या रिकाम्या आजोबानें करावें, बाळाची एक वही करावी. दर महिन्यास वजन, नवीन आलेली हालचाल, नवीन ऐकलेला आवाज तारखेनिशीं लिहावा, आणि डॉक्टरांकडे जातांना ती वही बरोबर न्यावी. पेन्शनीच्या काळांत ह्याहून मोलाच्या कागदावर मीं सही केलेली नाहीं.

आमची नात आतां चौदा महिन्यांची आहे. ती कधींच रांगली नाहीं. बसल्या बसल्या सरकत गेली, आणि गेल्या पंधरवड्यांत भिंतीला धरून चालूं लागली. परवां सकाळीं मी वही लिहीत बसलों असतां ती सरकत माझ्यापाशीं आली आणि वहीवर हात ठेवून म्हणाली, “आज्जो.” त्यांत ‘ज’ स्पष्ट होता. मीं तारीख घातली व लिहून ठेविलें. गुण मात्र दिले नाहींत.